समुद्र सोडून कुठंही

"समुद्र सोडून कुठंही," मी म्हटलं.

केतकी लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. "अगं आई, चार दिवस निवांत कुठंतरी जायचं आणि समुद्र नको? तारकर्लीचं हे घर बघ, कसलं सुंदर आहे."

"नको म्हटलं ना."

"मग महाबळेश्वर?"

"गर्दी."

"पन्हाळा?"

"पोरींची सहल घेऊन दरवर्षी जाते मी तिथं."

तेव्हा मी मिरजेच्या एका कन्याशाळेत शिवण शिकवत होते. केतकी आमची एकुलती एक. लग्न होऊन पुण्याला गेलेली, दिवाळीला आली होती आणि येताना हा बेत डोक्यात घेऊनच आली होती. बाबा आता कायमचे घरी आले, तर तुम्ही दोघं कुठंतरी जाऊन या, आजवर कधी गेलाच नाहीत, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणजे रघुवीर तोडकर, मालवाहू जहाजावरचे मुख्य कुक. लग्नाआधीच ते पाण्यावर गेले आणि तिकडचेच झाले. नऊ-नऊ महिने जहाजावर, दोन-तीन महिने घरी, की पुन्हा जहाज. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास शेवटची खेप संपवून, आपल्या सुऱ्यांची पेटी काखेला मारून ते आले होते. आता परत जायचं नव्हतं.

ते आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. आमचं बोलणं त्यांना ऐकू येत होतंच.

"हे बघ," केतकी म्हणाली. "शास्त्री नदीच्या काठावर आहे, संगमेश्वरच्या पुढं. कोंडबाव. एक नवराबायको राहतात, त्यांच्या घरातल्या दोन खोल्या देतात. पण आई, इथं काहीच नाही गं. किल्ला नाही, धबधबा नाही. बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही. मोबाइलला रेंजसुद्धा पलीकडच्या काठावर जाऊन."

"हेच घे."

"बाबा, चालेल ना?" तिनं आत आवाज दिला.

"हं," आतून आलं.

मला शांतता हवीय असं मी केतकीला सांगितलं. ती खूश झाली. खरं कारण लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

एव्हाना आम्हाला एका घरात राहून दोन महिने होत आले होते. रजेवर यायचे तेव्हा वेगळं असायचं. रजेवरचा माणूस म्हणजे पाहुणाच. त्याच्या आवडीचं करायचं, त्याला भेटायला माणसं येतात, बॅगा उघडायच्या, बॅगा भरायच्या, त्यातच दिवस सरतात. आता भेटायला कुणी येत नव्हतं. ते पहाटेच उठायचे, अंथरुणावरची चादर अशी ताणून बसवायचे की त्यावर बसायला मला भीती वाटावी, आणि मग पुढं काय करायचं ते त्यांना सुचायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे.

"काही हवंय?" मी विचारायची.

"नाही." आणि निघून जायचे.

एकदा शाळेतून आले तर टेबलावर ताटं मांडलेली आणि ताटांखाली ओली फडकी. जहाज डुलायला लागलं की ताटं सरकू नयेत म्हणून तसं करतात, हे मला ठाऊक होतं. त्यांनीच कधीतरी फोनवर सांगितलं होतं. आमचं टेबल काही डुलत नव्हतं. मी फडकी पिळली आणि वाळत टाकली.

फोनवरचा माणूस वेगळाच होता. सुरुवातीला शेजारच्या डॉक्टरांकडे फोन यायचा, मग घरात आला, पुढं पुढं तर दर रविवारी संध्याकाळी वाजायचा. मी सगळी कामं उरकून, भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली असायची. आणि हे बोलायचे! रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे आणि त्यांच्या हाताखालच्या पोऱ्यानं ते तळून सगळ्यांना कसे खिलवले ते. दहीभाताशिवाय काही न खाणारा कप्तान. धुक्यात तीन दिवस वाजत राहिलेला भोंगा. मी शाळेतलं, वाड्यातलं, केतकीच्या तापाचं सांगायची. कार्ड संपून फोन कट व्हायचा तो नेहमी कुणाच्यातरी वाक्याच्या मधेच. पुढचा रविवार येईपर्यंत मी ते वाक्य पुरं करत बसायची.

तर आम्ही कोंडबावला गेलो. कोल्हापूर, आंबा घाट, संगमेश्वर अशी एसटी आणि तिथून रिक्षा. गाडीत ते खिडकीशी बसले. घाटात मी त्यांना संत्रं सोलून दिलं, त्यांनी अर्धं मला दिलं. एवढंच.

घर नदीच्या अगदी वर होतं. पुढं लांब पडवी, खाली पोफळीची बाग आणि बागेच्या पायथ्याशी पाणी. घरच्या मालकीणबाई, सरोजवहिनी आग्रे, गोल चेहऱ्याच्या आणि बोलक्या. त्यांचे यजमान 'तर' चालवायचे, म्हणजे माणसांना होडीतून पलीकडच्या काठावर नेऊन सोडायचे, कारण एसटी पलीकडच्याच काठानं जायची.

संध्याकाळी आम्ही दोघं खाली पाण्याशी जाऊन दगडांवर बसलो. दुपारी आले तेव्हा पाणी डावीकडं वाहताना मी बघितलं होतं. आता बघते तर एक झावळी उजवीकडं निघाली होती. मला वाटलं वारा असेल. पण मग सगळंच पाणी, फेस, काटक्या, पानं, सगळं उजवीकडं, डोंगराच्या दिशेनं चढत होतं.

"अहो," मी घाबरून म्हटलं, "नदी उलटी वाहतेय."

ते हसले. किती दिवसांनी हसले. "भरती आहे. इथवर समुद्र येतो." वाकून त्यांनी दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली. "खारट आहे बघ. घे, चाखून बघ."

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला तो बघवेना. एवढा घाट उतरून, एवढी आडबाजू शोधून मी ह्या माणसाला घेऊन आले होते आणि समुद्र शोधत शोधत मागं आलाच होता. मी उठले आणि घरात निघून गेले. मागून त्यांनी विचारलं नाही की काय झालं. माझ्या मागं यावं असं मला फार वाटत होतं. ते काळोख होईपर्यंत तिथंच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर शेजारचं अंथरूण ताणून बसवलेलं आणि स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज. जाऊन बघते तर चुलीवर मोठं पातेलं, पातेल्यात वाळू, वाळूवर झाकलेला डबा आणि घरभर ताज्या पावाचा वास. चुलीपुढं पाटावर आमचे हे, आणि समोर डोळे विस्फारून सरोजवहिनी.

"ताई, तुमच्या मालकांनी तर कमालच केली ओ! चुलीवर पाव! आमच्या गावात नाय असं कुणी बघितलेलं."

सुट्टीला येताना हा माणूस कपड्यांबरोबर यीस्टची पुडी घेऊन आला होता आणि मला पत्ता नव्हता. घरी रजेवर असताना ते कधी चुलीकडं फिरकले नव्हते. "तिकडं तेच करतो गं," असं म्हणायचे, आणि मलाही पटायचं.

मी दारातच थांबले. ते वहिनींना गोष्ट सांगत होते. डेकवर पडलेल्या उडत्या माशांची. तीच, त्याच शब्दांत, पोऱ्याच्या नकलेसकट आणि त्याच ठिकाणी थांबून. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. ती गोष्ट माझी आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

"ये ना, बस," मला बघून ते म्हणाले. आणि मी बसल्यावर त्यांचं बोलणं आटलं. डब्याचं झाकण उघडून त्यांनी पाव काढला, मला तोडून दिला, आणि म्हणाले, "गरम आहे."

पाव फार चांगला झाला होता. अर्धा तसाच ठेवून मी उठले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, केतकीला फोन करून येतो, असं म्हणून ते आग्र्यांच्या होडीतून पलीकडं गेले. वहिनी वाडीत कुणाच्यातरी बारशाला गेल्या होत्या. मी पडवीत एकटीच होते. नदी चांगली रुंद होती. पलीकडं होडी लागली, माणसं उतरली, त्यातला एक पांढरा शर्ट काठावरच्या झाडाखाली जाऊन बसला, एवढं दिसलं. तोंड काही दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं पडवीच्या खिडकीतला फोन वाजला. तारेचा जुना फोन होता, वहिनींचा; त्यावर नुसते फोन यायचे, बाहेर लावता यायचा नाही. मला वाटलं, त्यांचंच कुणी असेल.

"हॅलो?"

"मी बोलतोय."

असंच म्हणायचे ते. नेहमी. आणि माझ्या तोंडून नेहमीचंच निघून गेलं, "हं, बोला. कुठून?"

एवढी वर्षं त्यावर ते कुठल्यातरी बंदराचं नाव सांगायचे. आज हसून म्हणाले, "शास्त्री नदीवरून."

मलाही हसू आलं. "केतकीशी बोललात?"

"बोललो. बरी आहे. आग्र्यांकडून हा नंबर घेतला. ते म्हणतायत की एसटी आल्याशिवाय होडी सोडत नाही, माणसं येतात तिच्यातून. बसायला लागेल जरा. तू काय करतेस?"

मी बघितलं तर भिंतीला टेकून, पाय पसरून मी खाली बसले होते. कधी बसले, कळलंच नव्हतं.

"काही नाही. बसलेय."

"दिसतेस तू मला."

"काहीतरीच."

"खरंच. हिरवं काहीतरी दिसतंय. हात वर कर बघू."

मी उगीचच मागं वळून घरात कुणी नाही ना ते बघितलं आणि हात वर केला. पलीकडं झाडाखालच्या पांढऱ्या ठिपक्यानंही हात वर केला.

मग ते बोलायला लागले. एक म्हातारा बोकड घेऊन आलाय आणि बोकड होडीत चढायला तयार नाही. म्हाताऱ्यानं पुढून ओढून बघितलं, मागून ढकलून बघितलं, आता तो बोकडाशेजारी बसून त्याची समजूत घालतोय. ते म्हाताऱ्याच्या आवाजात बोकडाला समजावायला लागले आणि मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मी सांगायला लागले. शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकाबाई, मशिनवर बोट शिवून घेतलेली पोरगी, जिना चढताना दुखणारे माझे गुडघे.

"गुडघे? कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"मग मला बोलली नाहीस ती?"

"घरातच तर होतात. दिसत असेल, असं वाटलं."

फोनमध्ये तिकडचा वारा ऐकू येत होता.

"हेमा," ते म्हणाले, "एक सांगायचं होतं. मुंबईहून फोन आला होता. एजंटचा. एका जहाजाला कुक पाहिजे. पुढच्या महिन्यात. नऊ महिने."

"कधी आला होता?"

"दिवाळीच्या आधी."

"आणि आज सांगताय."

"घरात सांगता येईना. तू समोर असलीस की माझं सगळं बोलणं जातं कुठं, काय माहीत."

मी पलीकडं बघत होते. पांढरा शर्ट उठून उभा राहिला होता.

"जायचंय तुम्हाला?"

"जायचंय असं नाही. पण तिथं मला कळतं कुठं उभं राहायचं. घरात मी जिथं उभा राहीन तिथं तुझी वाट अडते. तू काही बोलत नाहीस, पण अडते." मग ते म्हणाले, "हेच गाव का निवडलंस गं? केतकी म्हणत होती, आईला शांतता हवीय."

"शांतता घरात काय थोडी आहे?"

"मग?"

समोर असते तर मी हे जन्मात बोलले नसते. "केतकी म्हणाली, इथं बघण्यासारखं काही नाही. म्हणून घेतलं. म्हटलं, बघायला दुसरं काहीच नसलं तर हा माणूस निदान माझ्याकडं तरी बघेल."

पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, कट झाला. सवयच होती तशी.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मला तुमची आठवण येते."

"अगं, मी इथंच आहे."

"तरी येते. तुम्ही जहाजावर होतात तेव्हा येत नव्हती एवढी आता येते. शेजारी झोपलेले असता आणि मी तुमच्या फोनची वाट बघत असते."

खाली ओहोटी चालू होती. मधून दोन बगळे उडत गेले, पाण्याला घासून.

मग त्यांनी विचारलं, "जाऊ का?"

मला ऐकू आलं, तरी कळायला वेळ लागला. ह्या माणसाची बॅग मी किती वेळा भरली असेन. तारीख कळायची, तिकीट यायचं, मी लाडू करायची, ते जायचे. जाऊ का, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. मग माझा आवाज चढला. "नको जाऊस. नको जाऊस, रघू."

पलीकडं पांढरा शर्ट खाली बसला. झाडाखाली, जमिनीवरच.

"हे आधी का नाही म्हणालीस कधी?" त्यांनी विचारलं. "प्रत्येक वेळी वाट बघायचो मी. अगदी स्टेशनवर गाडीत बसेपर्यंत. तू आपली, इथलं मी बघते, तुम्ही काळजी करू नका. वाटायचं, हिला सवय झालीय. बरं चाललंय हिचं. पहिल्या वर्षी एकदा नको म्हणाली असतीस तर राहिलो असतो गं."

"पहिल्या वर्षी एकदा विचारलं असतंत तर म्हणाले असते."

फोन कुणीच ठेवला नाही. मी त्यांचा श्वास ऐकत होते. त्यांनी एक हात तोंडावर धरला होता, तेवढं मला इथून दिसत होतं. त्या वेळी तिथं जाऊन तो हात बाजूला करावा असं मला वाटलं, आणि मधे एवढं पाणी.

पलीकडच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"होडी सुटेल आता," ते म्हणाले.

"या."

"ठेवू?"

"ठेवा."

मी बाग उतरून खाली गेले. होडी निम्म्यावर आली होती. चार-पाच माणसं, टोपल्या, मधोमध तो बोकड, आणि टोकाला हे. जवळ येत गेले तसा त्यांचा चेहरा दिसायला लागला आणि मला लाज वाटायला लागली. नवी नवरी होते तेव्हाही वाटली नव्हती अशी. हे बोकडाकडं बघत होते.

"काय ओ ताई, न्यायला आलात?" आग्रे वल्हं आडवं टाकत म्हणाले. "हरवले नाय तुमचे मालक. आणले बघा परत."

ते उतरले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघंही पोफळीतून वर निघालो. माणसं पुढं गेली. माझ्या गुडघ्यांमुळं असेल, ते माझ्याबरोबर एकेक पायरी थांबत चढत होते. निम्म्या वाटेवर म्हणाले, "फोनवर मला काय म्हणालीस?"

"काय?"

"नावानं हाक मारलीस."

"गेलं तोंडातून."

"परत मार."

बागेत कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं. आता, एवढ्या जवळून, त्यांच्या भुवईतला पांढरा केस दिसत असताना, ते काही बाहेर पडेना. मी पदराशी चाळा करत उभी राहिले. ते वाट बघत होते.

"असू दे," ते म्हणाले. "घाई नाही."

निघायच्या दिवशी आम्ही दोघंही होडीतून पलीकडं गेलो. झाडाखाली उभं राहून त्यांनी मुंबईला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. मी शेजारीच होते. फोन ठेवून ते बराच वेळ नदीच्या मुखाकडं, पश्चिमेला बघत राहिले. मी त्यांना बघू दिलं.

त्यानंतर त्यांनी जहाजावर पाय ठेवला नाही. वर्षभर त्यांना फार जड गेलं. रात्री उठून खिडकीशी बसायचे. मग हळूहळू सकाळचा पाव त्यांचा झाला, बाजार त्यांचा झाला, आणि स्वयंपाकघरात दोघांनी कसं वावरायचं ते आम्हाला धडपडत का होईना जमलं. माझ्या गुडघ्यांना संध्याकाळी तेल ते लावतात. बोलके मात्र झाले नाहीत. फोनवरचा तो माणूस मला परत भेटला नाही. त्याची आठवण मला अजून येते आणि येते हे त्यांना माहीत आहे.

घरात दुसरं कुणी नसतं. केतकी पुण्यात, तिची पोरं मोठी झाली. एखाद्या दुपारी मी ते नाव मनात घेते, ओठांपर्यंत आणते, आणि ऐन वेळी "अहो" अशीच हाक जाते. ते आतल्या खोलीत असतात. लगेच उत्तर देत नाहीत. मी आणखी काही म्हणेन म्हणून जरा वाट बघतात, आणि मग ओ देतात.